हुरड्याची सहल, व्हीलचेअर आणि गेल्या वर्षीच्या आमच्या चुका

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार. पुण्यातील आम्ही काही मित्रमैत्रिणी गेली चार वर्षे एका विशेष शाळेतील आणि एका बालगृहातील मुलांना हिवाळ्यात एक दिवस बाहेर घेऊन जातो. आमची नोंदणीकृत संस्था नाही आणि पावतीपुस्तकही नाही. नोकऱ्या सांभाळून जमेल तेवढे करणारी पंधरा-वीस माणसे आहोत. यंदा जानेवारीत सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे एका परिचितांच्या शेतावर हुरड्यासाठी जाण्याचा विचार आहे आणि त्यासाठी जाणत्यांचा सल्ला हवा आहे. मात्र त्याआधी गेल्या वर्षी काय झाले ते सांगितले पाहिजे, नाहीतर आमची नेमकी अडचण तुमच्या लक्षात येणार नाही.

गेल्या वर्षी ६२ मुले होती आणि आम्ही १८ जण. रविवार होता आणि ठिकाण शहरातील एक मोठे उद्यान होते. देणगी देणाऱ्यांपैकी एका गृहस्थांच्या हस्ते उद्घाटन ठेवले होते, ते सव्वा तास उशिरा आले आणि तोवर मुले मांडवात ओळीने बसून राहिली. मग दोन भाषणे, सत्कार, दप्तरांचे वाटप आणि सर्वांचे एकत्र छायाचित्र. प्रत्यक्ष उद्यानात मुले फिरली ती जेमतेम चाळीस मिनिटे. पाच मुलांना व्हीलचेअरसकट बसमध्ये चढवताना आमच्यातल्या दोघांच्या पाठी धरल्या. स्वच्छतागृहाच्या दारातून व्हीलचेअर आत जाते की नाही हे कोणी आधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे चौदा वर्षांच्या एका मुलीने दुपारभर पाण्याचा घोट घेतला नाही. हे आम्हाला त्या दिवशी कळलेही नाही. आठवड्याने शाळेतील मावशींनी सांगितले. संध्याकाळी आम्ही मात्र किती सुंदर दिवस गेला असे संदेश एकमेकांना पाठवत होतो.

यंदा मुले किती न्यावीत, बस कोणती घ्यावी, जेवणात काय असावे आणि पालकांना बरोबर न्यावे की नाही, या चार गोष्टींवर आमच्यात एकमत होत नाही.

शिसपेन्सिल

मी एकवीस वर्षे विशेष शिक्षिका आहे. तुम्ही मांडवातले आणि पाण्याचे प्रसंग लपवले नाहीत म्हणून सविस्तर लिहिते.

"दिव्यांग मुले" असा एकच गठ्ठा मनात धरून सहल आखता येत नाही. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले आणि त्यांतल्या बऱ्याच प्रकारांना व्हीलचेअरची गरजच नसते. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याची गरज, ज्याला गोंगाट सहन होत नाही त्याची गरज आणि ज्याला गिळताना त्रास होतो त्याची गरज, या तिन्ही एकमेकींच्या उलट असू शकतात. म्हणून प्रत्येक मुलासाठी एक पान तयार करा. त्यावर आजाराचे नाव नसले तरी चालेल. पण तो शू लागल्याचे कसे सांगतो, काय खातो, कशाला घाबरतो, घाबरल्यावर कशाने शांत होतो आणि औषध किती वाजता घेतो, एवढे हवेच. ही माहिती मुख्याध्यापकांपेक्षा मावशींकडे अधिक असते. गेल्या वर्षी मावशींना तुम्ही आखणीत घेतले होते का? बहुतेक ठिकाणी त्यांना आदल्या दिवशी फक्त बसची वेळ सांगितली जाते आणि त्या सगळ्यांच्या शेवटी उभ्याने जेवतात.

दुसरे म्हणजे शेत आधी पाहून या, आणि जाताना रिकामी व्हीलचेअर बरोबर न्या. तुमच्यापैकी एकाने तिच्यात बसून गाडीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून विहिरीपर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत जाऊन पाहावे. नांगरलेल्या रानात पुढची लहान चाके रुततात, म्हणून तिथे खुर्ची मागे कलती करून उलटी ओढावी लागते, हे बसल्याशिवाय कळत नाही. उताराचे प्रमाण एकास बारा धरतात. ओटा दीड फूट उंच असेल तर त्याला १८ फूट लांबीचा उतार हवा. चार फुटांची फळी टेकवली तर तो उतार राहत नाही, घसरगुंडी होते.

मोठ्या मुलांचे डायपर बदलायला आडोसा लागतो, हे कोणीच आधी बोलत नाही. शेतावर बाज असतेच. ती एका खोलीत किंवा तट्ट्यांच्या आड ठेवा, वर स्वच्छ सतरंजी आणि प्लॅस्टिकचे कापड घाला, शेजारी पाण्याची बादली ठेवा. मुलींसाठी स्त्री मदतनीसच असावी आणि कोणाही मुलाबरोबर एकटे मोठे माणूस आडोशाला जाऊ नये, दोघे असावेत.

संख्येबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ६२ मुलांना १८ माणसे म्हणजे सहल होत नाही, राखण होते.

पेठकर

इतक्या लांब कशाला? पेशवे उद्यानातील फुलराणी १९५६ पासून पुण्यातल्या मुलांना फिरवते आहे आणि कात्रजचे प्राणिसंग्रहालयही आहे. फक्त ते बुधवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवावे. माझ्या अनुभवाने जवळची सहल ही चांगली सहल असते, कारण बसमध्ये अडीच तास गेले की मुले दमतात आणि मग शेत काय किंवा बाग काय, सारखेच.

रानवाट

पेठकर, आपले म्हणणे पटते. हडपसरपुढच्या वाहतुकीवर बरेच अवलंबून आहे. तरीही शेत सुचले ते गर्दी नको म्हणून. गेल्या वर्षी मुलांनी प्राणी कमी पाहिले आणि लोकांनी मुलांना जास्त पाहिले.

निळीछत्री

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे आणि बोलत नाही. अशा सहलींना आम्ही तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा अर्ध्यातून परत आलो, म्हणून थोडे लिहिते.

स्वागताला ढोल-ताशा ठेवू नका. लेझीम, फटाके, ध्वनिक्षेपकावरची गाणी, काहीच नको. दिवसाचा क्रम चित्रांत काढून आधी चार दिवस शाळेत दाखवा: बस, शेत, बैल, जेवण, बस, घर. शक्य असेल तर त्याच शेताची, त्याच बसची छायाचित्रे वापरा. मग ठरलेला क्रम मोडू नका, आणि मोडावाच लागला तर चित्र बदलून दाखवा. माझ्या मुलाला वाट पाहणे म्हणजे काय हेच कळत नाही. आत्ता जे होत नाही ते त्याच्या लेखी कधीच होणार नसते. तुमच्या त्या सव्वा तासात त्याने मांडव डोक्यावर घेतला असता आणि लोकांनी माझ्याकडे पाहिले असते.

हुरड्याच्या आगटीचा धूर काही मुलांना अजिबात चालणार नाही. वाऱ्याची दिशा पाहून दूर झाडाखाली एक शांत जागा राखून ठेवा, तिथे कोणीही "कशी आहेस बाळा" म्हणत जाऊ नये. गालाला हात लावणे, डोक्यावरून हात फिरवणे, हेही नको.

पालकांना न्यावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. अकरा वर्षांत मला एकटीला दुपारची झोप मिळाली असे दिवस बोटांवर मोजता येतील. पण तुम्ही अनोळखी आहात, त्यामुळे पहिल्याच भेटीत मी त्याला तुमच्याबरोबर पाठवणारही नाही. सहलीआधी किमान तीनदा शाळेत येऊन त्याच्याशेजारी नुसते बसा. तेवढे जमणार नसेल तर मी येतेच.

वाकडीवाट

सर्वांची क्षमा मागून एक प्रश्न विचारतो. शेतावर जायचे हे मुलांना विचारले आहे का?

मी बीडकडचा आहे. आमच्याकडच्या बालगृहांत ऊसतोड कामगारांची मुले असतात आणि पुण्यातल्या संस्थांतही मराठवाड्यातली मुले कमी नाहीत. ज्या मुलाने आईबापांबरोबर थंडीत फडावर कोपीत रात्री काढल्या आहेत, त्याला तुम्ही हौसेने बैल आणि कडबा दाखवायला नेणार. शेत ही तुमची हौस आहे, कारण तुम्ही आठवडाभर संगणकापुढे बसता. त्या मुलाला कदाचित सरकता जिना चढून पाहायचा असेल.

रानवाट

विचारले नव्हते. चार वर्षांत एकदाही नाही. याच शनिवारी विचारतो आणि इथे लिहितो.

पांढरीकाठी

मी जन्मापासून अंध आहे, अंधशाळेत वाढलो, आता बँकेत नोकरी करतो. लहानपणी आम्हाला वर्षातून पाचसहा वेळा कोणी ना कोणी सहलीला न्यायचे. त्यातल्या बहुतेक सहली माझ्या आठवणीत बिस्किटांच्या पुड्याच्या चुरचुर आवाजाएवढ्याच उरल्या आहेत. ओळीत उभे राहायचे, हात पुढे करायचा, पुडा मिळायचा, कोणीतरी "थँक्यू म्हणा" म्हणायचे.

एक सहल मात्र पुरती आठवते. एका खेड्यात नेले होते आणि तिथल्या आजोबांनी आम्हाला एकेकाला विहिरीच्या कठड्याशी नेऊन, कमरेला घट्ट धरून, आत हाक मारायला सांगितली होती. विहीर किती खोल आहे हे मला तेव्हा कळले. त्यांनी मोटेच्या जुन्या चाकावर हात ठेवायला दिला, बैलाच्या शिंगाच्या मुळाशी ऊब असते ती दाखवली. बाकीच्या सहलींत मला लोक सांगत असत की बघ, किती सुंदर आहे.

तुमच्याबरोबर अंध मुले असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यांना दंडाला धरून पुढे ढकलू नका. त्यांना तुमचे कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धे पाऊल पुढे चाला. जेवायला वाढताना मात्र फार शिकवू नका. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, वर मीठ, ही आपल्या ताटाची मांडणी आम्हाला तोंडपाठ असते. उत्साही मंडळी ती मोडून कागदी ताटलीत सगळे एकावर एक वाढतात आणि मग घास भरवायला येतात.

हुरडा चोळण्याचे काम आम्हाला द्या. कणसातले दाणे कोवळे आहेत की निबर झाले आहेत, हे तळहाताला लगेच समजते.

नाडीपरीक्षा

बालरोग विभागात परिचारिका म्हणून काम करते. तीनच गोष्टी लिहिते, पण त्या टाळू नयेत.

पहिली गोष्ट फिट्सची. सहलीच्या दिवशी मुलांना पहाटे उठवतात, घाईत सकाळची गोळी राहते आणि अपुरी झोप व चुकलेली गोळी या दोन्हींमुळे झटका येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे पहाटे सहाला निघू नका, नऊला निघा. झटका आलाच तर मुलाला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, आसपासच्या टणक वस्तू दूर करा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी यांतले काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा लागोपाठ दुसरा आला, तर थेट रुग्णालय. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल तर तो बसच्या डिकीत नको, त्या मुलाच्या जोडीदाराच्या खिशात असू द्या. जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे रविवारी डॉक्टर असतात का, हे आदल्या आठवड्यात जाऊन पाहा.

दुसरी गोष्ट गिळण्याची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांना हुरड्याचे सुटे दाणे, शेंगदाणे, शेव, लाह्या देणे धोक्याचे आहे, दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्यांना हुरडा वाटून, दह्यात कालवून द्या. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान चमच्याने भरवा, हसवत भरवू नका आणि जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नका.

तिसरी गोष्ट गंजीची. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. कडब्याच्या गंजीवरून उड्या आणि कोलांट्या या मुलांना, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय, मारू देऊ नका.

हिशेबनीस

चर्चा चांगली चालली आहे, परंतु पैशांबद्दल कोणीच बोलत नाही. बस, जेवण, औषधपेटी यांना देणगी लागते आणि देणगीदाराला मुलांची छायाचित्रे दाखवल्याशिवाय पुढच्या वर्षी देणगी मिळत नाही. समाजमाध्यमांवर चार छायाचित्रे टाकली म्हणून मुलांचे काय बिघडते? उलट पाहून आणखी चार लोक पुढे येतात.

उंबरठा

हिशेबनीस, बालगृहातील मुलांच्या बाबतीत हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. या मुलांना बाहेर नेण्याआधी अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा आणि बालकल्याण समितीची परवानगी लागते का ते त्यांनाच विचारा; अर्ज महिनाभर आधी द्यावा.

कायदा बाजूला ठेवला तरी एक प्रसंग सांगते. आमच्याकडची एक मुलगी बारावीनंतर महाविद्यालयात गेली. तिथे कोणीतरी तिचे सहा वर्षांपूर्वीचे दप्तर घेतानाचे छायाचित्र शोधून काढून वर्गाच्या गटात टाकले. तिने महाविद्यालय बदलले.

हिशेबनीस

हे माहीत नव्हते. मागच्या काही पोस्ट काढून टाकायला आजच सांगतो. देणगीदारांना हिशेबाचा कागद आणि रिकाम्या बाजेचे छायाचित्र पाठवू, बघू काय म्हणतात.

एसटीप्रेमी

बसबद्दल: शाळेच्या सहलीसाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते आणि शाळांना सवलतही असते, अर्ज शाळेच्या पत्रावर करावा लागतो. अडचण पायऱ्यांची आहे. आमच्या गावी एक युक्ती करतात. शाळेचा व्हरांडा किंवा गोदामाचा धक्का बसच्या दाराएवढ्या उंचीचा असेल तर गाडी त्याला चिकटून लावतात आणि मधे जाड फळी टाकतात. तशी सोय नसेल तर उचलावेच लागेल, पण उचलण्याआधी मुलाला विचारा आणि त्याला नेहमी उचलणाऱ्या माणसाकडून पद्धत शिकून घ्या.

रानवाट

शनिवारी दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. बालगृहातील मुलांनी सांगितलेल्या गोष्टी जशाच्या तशा लिहितो: बसमध्ये खिडकीची जागा, समोसा, पोहणे, रात्री बाहेर राहणे, "भाषण नको". सरकता जिना दोघांनी सांगितला, त्यामुळे वाकडीवाट यांचा अंदाज अगदीच चुकला नाही. विशेष शाळेत मावशींच्या मदतीने चित्रे दाखवून विचारले. बैल आणि पाणी या दोन चित्रांवर सर्वांत जास्त हात पडले. शेत कायम ठेवले आहे, समोसे वाढवले आहेत, आणि सरकता जिना मागणाऱ्या दोघांना फेब्रुवारीत वेगळे नेणार आहोत.

मुलांची संख्या २८ वर आणली. यावरून आमच्यात फार वाद झाला, कारण उरलेल्या ३४ मुलांना काय सांगायचे याचे बरे उत्तर आमच्यापाशी नाही. दुसरी सहल मार्चमध्ये करू असे म्हटले आहे, परंतु मार्चमध्ये हुरडा नसतो आणि ऊन असते, हे मुलांनाही कळते.

रानवाट

सहल झाली. सविस्तर लिहिण्याचे कबूल केले होते म्हणून लिहितो.

२८ मुले, २४ स्वयंसेवक, ५ मावशी. सव्वानऊला निघालो आणि शाळेच्या व्हरांड्याला गाडी चिकटून लावण्याची युक्ती उत्तम चालली. शेतावर मात्र धक्का नव्हता, तिथे उचलावे लागले. उतारासाठी मुरूम टाकून धुम्मस केला होता, तो आदल्या रात्री कोणीतरी पाणी सोडल्यामुळे एका बाजूने खचला होता. दोन फळ्या टाकून वेळ मारून नेली. आडोशाच्या खोलीचा नऊ वेळा उपयोग झाला. गेल्या वर्षी पाणी न प्यालेल्या मुलीने यंदा ताकाचे तीन पेले घेतले. हा आकडा मावशींनी मुद्दाम मला येऊन सांगितला.

निळीछत्री यांच्या मुलाशेजारी आमच्यातला एक जण चार शनिवार बसला होता. मुलगा शेतावर पोहोचल्यावर दीड तास बसमधून उतरलाच नाही. तोही उतरला नाही. मग दोघे उतरून थेट पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसले आणि निघेपर्यंत तिथेच राहिले. हुरडा त्यांनी चाखलाही नाही.

हुरडा कसा चोळायचा हे आमच्या शहरी मंडळींना येत नव्हते, कणसे हातात घेऊन सगळे भाजत होते. बालगृहातील परभणीकडचा एक मुलगा थोडा वेळ पाहत राहिला, मग त्याने आमच्यातल्या एका व्यवस्थापकबाईंच्या हातातून कणीस घेतले आणि म्हणाला, "असं नाही, राखेत फार वेळ ठेवू नका, करपतंय." त्यानंतर आगटी त्याच्याच ताब्यात होती. दुपारी मात्र तो तासभर गंजीमागे एकटा बसला होता. काय आठवले ते आम्ही विचारले नाही, अधीक्षकांच्या कानावर घातले.

चुकाही झाल्या. समोसे तिखट होते. ऐकू न येणाऱ्या चार मुलांसाठी खुणांची भाषा येणारी एकच ताई होती आणि ती जेवायला गेली तेवढा अर्धा तास ती मुले आपापसांतच राहिली. परतताना हडपसरला पन्नास मिनिटे अडकलो.

निळीछत्री

त्या दिवशी मी दुपारी झोपले नाही, फोन हातात घेऊन बसले होते. संध्याकाळी त्याच्या पायाला चिखल होता आणि तो धुऊ देत नव्हता. पुढच्या वेळी झोपेन.

पांढरीकाठी

विहीर होती का?

रानवाट

होती, पण तिला कठडा नव्हता, म्हणून आम्ही कोणाला जवळ जाऊ दिले नाही. शेतमालकांना विचारले आहे, पावसाळ्याआधी कठडा बांधतो म्हणाले. मुलांची रात्री राहण्याची मागणी परवानगीवर अडली आहे. अर्ज दिला आहे. त्यांच्याकडे बाजा सात आहेत.